झिऱ्यावरचे झाऊ

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. सांगणाऱ्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. फक्त ती घडली तेव्हा त्याचा आजाही जन्मला नव्हता.

एका वाळवंटात एक नदी होती, वर्षातून आठच दिवस वाहणारी. एरवी तिच्या खोऱ्यातलं गाव कोरड्या पात्रात झिरा खणायचं आणि वाळूतून पाझरेल ते पाणी प्यायचं. वर काठावर शमी, नेपती, रुई. खाली झिऱ्याभोवती झाऊची दाट झुडपं. झाऊला कुऱ्हाड लावायची नाही, हा तिथला रिवाज.

एका वर्षी नदी आलीच नाही. झिऱ्याचं पाणी रोज खाली जाऊ लागलं. गावचा मुखिया सारखा येरझारा घालायचा, जेवायचा तेही उभ्यानेच. झिरा आटला तर उंटांवर बिऱ्हाड लादून पुढच्या पाण्यापर्यंत आठ दिवसांची वाट, आणि घरात सून दिवस भरत आलेली.

काहीतरी करायलाच हवं, एवढंच त्याच्या डोक्यात. शेवटी त्याला चोर सापडला. झाऊच पाणी पितात, तोडा सगळे, असा हुकूम सुटला.

झिरा राखणारी आजी म्हणाली, "पितात की. राखणदाराला काय उपाशी ठेवायचं?"

"मग सुनेला काय पाजू, आजी? तुझा रिवाज?"

कुऱ्हाडी चालल्या. आजी पलीकडच्या शेवटच्या झुडपात जाऊन बसली ती उठेचना, म्हणून तेवढं एक राहिलं.

दुसऱ्या दिवशी पाणी दोन बोटं चढलं. मुखिया गावभर सांगत फिरला. चौथ्या दिवशी वारा सुटला. वाळू धरून ठेवायला कुणी उरलं नव्हतं. झिरा बुजून गेला. उपसावी तेवढी वाळू परत घसरायची. मुखिया दोन दिवस उपसत राहिला, तळहात सोलून निघाले. तिसऱ्या दिवशी सुनेला कळा सुरू झाल्या.

तो धावतच आजीकडे गेला. "आजी, चुकलो," एवढंच म्हणाला.

आजी उठून बाजूला झाली. "इथं खण. मुळं सांभाळून."

त्या झाऊने धरलेल्या वाळूत पाणी लागलं. पहिली घागर सुनेकडे गेली. नात झाली, दोघी सुखरूप. पुढे नदी येईपर्यंत गाव अर्ध्या तहानेवर राहिलं, आणि प्रत्येक घराने झाऊची एकेक फांदी वाळूत रोवली.

तात्पर्य: जीव घाबरला की हात शिवशिवतात, अशा वेळी तोडण्याआधी विचारावं, याने काय धरून ठेवलंय?

आता कबूल करायचं तर, "आजी, चुकलो" तेवढं रचलेलं आहे. मुखिया धावत गेला हे खरं, पण म्हणाला, "हे एक झुडूप राखायला मीच सांगितलं होतं ना?"