तिसरा तीन

"तिला पानावरून उठवलं कुणी?"

सदाबुवांचा आवाज मठाच्या ओसरीवर घुमला. विश्वंभर पुढे झाला. काशीला गणित शिकून आलेला हा शिष्य. त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचं नाव नव्हतं.

"मी उठवलं, बुवा. नियमच तसा आहे."

"कुणाचा नियम?"

"माझा. ओसरीवर एका वेळी चार पानं मावतात. माणसं येतात तीन गावांची. एकाच गावचे जास्त जमले की दुसऱ्यांना टोमणे मारतात, भांडणं होतात. म्हणून प्रत्येक गावाला आकडा दिला. एक, दोन, तीन. एका पंगतीत कुठलाही आकडा दोनदा चालेल, तिसऱ्यांदा नाही. अशा चौघांना बसवायच्या चोपन्न ओळी होतात. एकही कमी नाही, एकही जास्त नाही."

"आज कोण बसलं होतं?"

"दोन, तीन, तीन..."

"माणसं सांग!"

"हातणीचा गुराखी. कोळवणच्या दोघी सुना. त्यांच्याशेजारी सासू येऊन बसली, धोंडाई. तिसरा तीन झाला. मी म्हटलं, ऊठ."

"तिच्या जागी कोण बसलं?"

विश्वंभरने चौथ्या पानाकडे पाहिलं.

"दुसरं कुणी आलंच नाही. पान... रिकामं राहिलं."

वाढलेल्या पानावरून म्हातारीला उठवायचं आणि ते पान रिकामं ठेवायचं! विद्या डोक्यात गेली की अक्कल अशी चरायला जाते. धोंडाई उपाशीच घाट उतरू लागली होती. तिच्यामागे सुनाही हातातला घास टाकून गेल्या.

"तू जेवलास?" बुवांनी विचारलं.

"अजून नाही."

"बस."

बुवांनी स्वतः पान मांडलं. हंडीतून भाताचं एक शीत काढून पानावर ठेवलं. शेजारी दुसरं शीत. मग तुरीच्या डाळीचा एक दाणा. मग मिठाचा एक खडा.

विश्वंभर वाट बघत राहिला. बुवांचा हात काही पुन्हा हंडीत गेला नाही.

"नियमात बसतं?"

"बसतं... पण बुवा, आणखी थोडा भात..."

"तिसरं शीत होईल!" बुवा कडाडले.

विश्वंभरने मान खाली घातली. कान लाल झाले होते.

बुवांनी भाताची हंडी उचलून खांद्यावर घेतली, पायांत वहाणा सरकवल्या आणि घाटाच्या वाटेला लागले.

"बुवा, एवढ्यानं पोट कसं भरणार?"

बुवा वळले.

"का रे? हिशेब तर बरोबर आहे."