सहीपर्यंत गोड बंद

"...आणि त्यानं सहीच केली नाही तर, अक्का?"

गिरजाक्का म्हणजे आमच्या तापीकाठच्या मठातल्या म्हाताऱ्या संन्यासिनी. आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा सण होता. माहेरवाशिणींसाठी त्या खापरावर पुरणाचे मांडे भाजत होत्या, मी पुरण भरून देत होते.

विचारणारी त्यांची शिष्या, वैजयंता. कॉलेजात शिकवते. भारी मानी बाई. तीन वर्षं घटस्फोटासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती.

"नवरा तारखेला येतच नाही. आलाच तर जजसाहेबांपुढे हात जोडतो, मी नांदवायला तयार आहे म्हणतो. आणि बाहेर आलं की मला म्हणतो, म्हातारी होईपर्यंत लटकवून ठेवीन."

"मेला!" अक्का म्हणाल्या.

संन्यासिनीच्या तोंडी हा शब्द! मला बाई फार बरं वाटलं.

"खटला सोडून देऊ?"

"मुळीच नाही. प्रत्येक तारखेला जा. त्याच्या नाकावर टिच्चून जा."

अक्कांनी मांड्यावर तूप सोडलं आणि ताट तिच्यापुढे सरकवलं. वैजयंतानं हात मागे घेतला.

"मला गोड चालत नाही. त्याची सही होईपर्यंत सोडलंय. तीन वर्षं झाली, देवीपुढे बोललेय."

मान कशी ताठ! मोठं बक्षीसच मिळालं होतं जणू.

अक्कांनी हात पुसले.

मग उठल्या. कोनाड्यातला करंडा आणला, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि चक्क वाकून तिच्या पाया पडल्या.

"अहो अक्का! हे काय भलतंच?"

"वटपौर्णिमेला बायका नवऱ्यापायी एक दिवस उपास धरतात. तू तीन वर्षं धरलास. तुझ्याएवढी पतिव्रता मी जन्मात पाहिली नाही गं."

वैजयंता लालबुंद झाली. डोळे भरले... आणि एकदम तिला हसू फुटलं. मग काय, आम्हीही पोट धरधरून हसलो.

"पण देवीला काय सांगू?"

"देवीचं मी बघते. तू जेव."

तिनं मांडा तोडला. तूप कोपरापर्यंत ओघळलं तरी तिला भान नव्हतं. इतक्या सुखात मी तिला कधी पाहिली नव्हती.

ताट रिकामं झालं, तशी हळूच म्हणाली, "अक्का, पुढच्या तारखेलाही तो नाहीच आला तर...?"

अक्कांनी गरम मांडा तिच्या ताटात टाकला.

"त्याच्या वाटचाही तूच खा."