थोरली झांज

भांडीकुंडी आपसांत बोलत असत, त्या काळी एका कासाराच्या दुकानात जुन्या झांजांची जोडी विकायला टांगली होती. एकदा दोरी तुटून दोघी फरशीवर पडल्या. धाकटी खाली सापडली आणि तिला काठापाशी बारीक तडा गेला. थोरलीवर साधा ओरखडाही उठला नाही.

"भिऊ नकोस," थोरली म्हणाली. "गिऱ्हाईक आलं की मी मोठ्यानं वाजेन. तुझा आवाज त्यात झाकून जाईल. जाऊ तर जोडीनंच."

पुढं सखोबा गुरव देवळासाठी झांजा घ्यायला आला. "जुनं कासं गोड वाजतं," म्हणत त्यानं जोडी वाजवली. आवाज छान घुमला. पण गुरव मुरलेला होता. त्यानं धाकटीला वेगळं धरून टिचकी मारली, तर ती फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजली.

"ही मोडीत घाला," तो कासाराला म्हणाला. "आता दुसरी बघू."

"ताई, तूही बद्दच वाज," धाकटी कुजबुजली. "म्हणजे तो दोघींना ठेवून जाईल. आपण खुंटीवर एकत्र राहू."

टिचकी बसली. थोरली खणखणीत वाजली, आजवर कधी वाजली नव्हती इतकी.

धाकटी त्याच दिवशी मुशीत वितळली. थोरलीला जोड मिळेना, म्हणून गुरवानं तिला देवळाच्या खांबाला टांगलं आणि आरतीला तो तिला लाकडी दांडक्यानं बडवू लागला. लोक आवाजाची वाहवा करत.

"झांज तर जोडीनं असते," शेजारच्या घंटेनं विचारलं. "तुझी जोडीदार कुठंय?"

"मी पहिल्यापासून एकटीच," थोरली म्हणाली.