मुंगीचं अंडं, अबोलीचा अंगठा

एक होती मुंगी. तिच्यापाशी होतं एक अंडं. पांढरं पांढरं, खसखशीएवढं. अंड्यात होतं तिचं बाळ.

मुंगी चालली, तुरुतुरु तुरुतुरु. अंडं निसटलं. गुडुगुडु गुडुगुडु… टुप! फरशीच्या भेगेत पडलं.

आणि भेगेवर काय आलं? बाप रे! भला मोठा अंगठा!

अंगठा होता अबोलीच्या पायाचा. अबोली बसली होती खुर्चीवर. मामाचं लग्न होतं ना! कुंदामावशी तिच्या हातावर मेंदी काढत होती. मेंदीचा मोर.

मावशी म्हणाली, "हलायचं नाही हं. हललीस तर मोर बिघडेल."

अबोली हलेना. पाय हलेना. अंगठा तर मुळीच हलेना.

मुंगी म्हणाली, "अंगठेदादा, अंगठेदादा,
बाळ माझं सुटेना.
तुम्ही उठा ना!"

अंगठा म्हणाला, "मी नाही उठणार. मांडी ओढेल, तर मी उठेन."

"अगंबाई! एवढा मोठा अंगठा, आणि आपला आपण उठेना?"

मुंगी चढली मांडीवर. तुरुतुरु तुरुतुरु.

"मांडीताई, मांडीताई,
अंगठा उठेना,
बाळ माझं सुटेना.
तुम्ही ओढा ना!"

मांडी म्हणाली, "मी नाही ओढणार. तंतू हुकूम घेऊन धावेल, तर मी ओढीन."

"अगंबाई! एवढी जाडजूड मांडी, आणि हुकमाशिवाय ओढेना?"

तंतू राहतो मांडीच्या आत. केसाहून बारीक. मुंगीने वरून टकटक केलं.

"तंतूभाऊ, तंतूभाऊ,
मांडी ओढेना,
अंगठा उठेना,
बाळ माझं सुटेना.
तुम्ही धावा ना!"

तंतू म्हणाला, "मी नाही धावणार. रज्जूआजोबा बोलतील, तर मी धावेन."

"कुठे असतात ते?"

"पाठीच्या कण्यात. वर, आणखी वर."

"अगंबाई! एवढ्या लांब?"

मुंगी चढली पाठीवर. तुरुतुरु तुरुतुरु. टकटक, टकटक.

"रज्जूआजोबा, रज्जूआजोबा,
तंतू धावेना,
मांडी ओढेना,
अंगठा उठेना,
बाळ माझं सुटेना.
तुम्ही बोला ना!"

आजोबा म्हणाले, "मी नाही बोलणार. कातडी ओरडेल, तर मी बोलेन."

"कुठली कातडी, आजोबा?"

"अंगठ्याचीच की!"

"अगंबाई! म्हणजे परत खाली?"

मुंगी उतरली. सरसर सरसर. पाठीवरून मांडीवर, मांडीवरून अंगठ्यावर. पाय दुखले, सहाच्या सहा!

"कातडीबाई, कातडीबाई,
रज्जू बोलेना,
तंतू धावेना,
मांडी ओढेना,
अंगठा उठेना,
बाळ माझं सुटेना.
तुम्ही ओरडा ना!"

कातडी म्हणाली, "मी नाही ओरडणार. मला काही लागेल, तर मी ओरडेन."

"तुम्हाला काय लागेल?"

"तू चावलीस तर लागेल."

"अगंबाई! चावू? तुम्हाला?"

"चाव गं! बाळ तुझं आहे ना? मग बघतेस काय?"

मुंगीने तोंड उघडलं. आणि… कच्च!

कातडी ओरडली, "आऽऽऽ!"

कातडीचाही होता एक तंतू, तो बातमी घेऊन पळाला. सूंऽऽऽ! आजोबांच्या दाराशी आला. पण अरे देवा! मध्ये इवलीशी फट! तंतू पलीकडे जाईना. मग त्याने काय केलं? रसाचा थेंब टाकला. टिप! थेंब पलीकडे गेला. बातमी पोचली.

रज्जू बोलला, "उचला!"
मांडीचा तंतू धावला, सूंऽऽऽ! टिप!
मांडीने ओढलं.
अंगठा उठला, ताडकन!
बाळ सुटलं!

मुंगीने अंडं उचललं आणि पळाली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

तुझी पापणी लवते ना? एवढ्यात झालं सगळं.

तेव्हा कुठे बातमी डोक्यात पोचली. डोक्यातला मेंदू दचकला. "काय? पाय उचलला? मला न विचारता?"

रज्जूआजोबा म्हणाले, "अहो, तुम्हाला विचारत बसलो असतो, तर केवढा उशीर झाला असता! आता ओरडा तुम्ही."

आणि अबोली ओरडली, "आई गंऽऽऽ!"

मावशी दचकली. मेंदीचा कोन सटकला. सर्रर्र!

"अगं अगं अगं! मोराची कोंबडी झाली! हललीस ना शेवटी?"

"मी नाही हलले गं मावशी! पाय आपला आपणच हलला!"

"काहीतरीच! पाय कधी आपला आपण हलतो का?"

अबोलीने पायाकडे बघितलं. डोळे हे एवढे मोठे केले. पाय गप्प. अंगठाही गप्प.

मुंगी मात्र केव्हाच बिळात शिरली होती. अंडं कुशीत घेऊन निजली होती.

बाळ मुंगीचं घरी,
गोष्ट आपली पुरी.