खांद्यावरचे कोकरू

एकदा चर्चच्या एका वृद्ध पाळकांकडे त्यांचा शिष्य दीक्षेसाठी मिळालेला झगा घडी करून परत द्यायला आला. येत्या रविवारी त्याची पाळकपदाची दीक्षा होती. पण गेले तीन महिने त्याच्या तोंडून प्रार्थनेचा शब्द फुटत नव्हता, आणि चर्चमध्ये ख्रिस्ताच्या स्मरणार्थ फिरवले जाणारे प्रभुभोजनाच्या भाकरीचे तबक समोर आले की तो ते मुकाट्याने शेजाऱ्याकडे सरकवत असे.

"बाबा, ख्रिस्ताला धरून ठेवायचं बळ माझ्यात उरलं नाही," तो म्हणाला. "मी त्याच्या कळपातला नाहीच."

पाळकांनी झगा खुंटीला टांगला आणि पायांत वहाणा सरकवल्या. आता उपदेशाचा पाऊस पडणार म्हणून शिष्याने मान खाली घातली होती. ते नुसते "चल" म्हणाले.

ओढ्यावर ठकूबाई मेंढपाळीण आपली मेंढरे पलीकडे उतरवत होती. मोठी मेंढरे पाण्यातून जात, कोकरे मात्र उचलून न्यावी लागत. पाळकांनी त्यातले एक उचलून शिष्याच्या खांद्यावर ठेवले.

"पोहोचव पलीकडे."

ज्याला स्वतःचाच भार पेलवत नाही, त्याच्यावर आणखी एक ओझे! शिष्याला या कृतीचा अर्थ उमगेना. पण गुरूंची आज्ञा. उतरला बिचारा पाण्यात. शेवाळलेल्या दगडावरून त्याचा पाय घसरला. कोकरू बिथरले, ओरडले, लाथा झाडू लागले आणि सदऱ्यावर जे करू नये तेही करून मोकळे झाले. शिष्याने त्याचे चारही पाय छातीशी घट्ट आवळले. पलीकडे जाऊन खाली ठेवताच ते आईकडे पळाले.

मागोमाग पाळक ओलेचिंब होऊन आले. "वाटेत कोकरानं तुला कितीदा सोडलं?"

"त्यानं धरलं होतं कुठे, बाबा? कोकराला हात असतात का?"

"आणि तू?"

"मी कसा सोडीन? लाथा मारायला लागलं, तेव्हा तर आणखी घट्ट धरलं."

एवढे बोलून त्याने आईपाशी पोहोचलेल्या कोकराकडे वळून पाहिले.

"लेकरा," पाळक म्हणाले, "मेंढपाळ कोकराच्या पकडीवर भरवसा ठेवून पाण्यात उतरत नाही. तू तीन महिने लाथा झाडतो आहेस, हे खरं. पण ख्रिस्तानं तुला खाली ठेवलं, असं तुला कोणी सांगितलं?"

शिष्याने आपल्या घाणेरड्या सदऱ्याकडे पाहिले. तो हसला, आणि हसता हसता रडला. छातीवरची धोंड उतरल्यासारखे त्याला वाटले.

रविवारी भाकरीचे तबक त्याच्यापाशी आले. त्या दिवशी त्याने ते सरकवले नाही.