पाचव्या खांबातला लिंबाजी

"म्हणजे आत माणूस नाही, हे तुम्हाला मान्य आहे?"

"आहे," चांदशा फकीर म्हणाला.

हर्षे सरांची पंचाईत झाली. ते भांडायच्या तयारीने पुलाखाली आले होते.

शहराच्या नावाजलेल्या नवकमानी पुलाबद्दलच्या एकूण एक थापा त्यांनी अकरा वर्षं खपून मोडीत काढल्या होत्या. चुन्यात अंडी कालवलेली नाहीत. पुलाची मुदत संपल्याचं पत्र विलायतेहून कधीच आलेलं नाही.

"पत्र नाही आलं?" फकिराने विचारलं. "मी वाट बघत होतो."

सरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. त्यांचा जीव एकाच थापेत अडकला होता. पूल उभा राहीना, म्हणून मुकादम हर्ष्याने पाचव्या खांबात लिंबाजी नावाचा मजूर जिवंत चिणला, असं अख्खं शहर सांगायचं. मुकादम म्हणजे सरांचे पणजोबा. गेल्याच आठवड्यात सरांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाची आई म्हणाली, माणसं चिणणाऱ्यांच्या घरची सोयरीक नको.

आणि हा फकीर रोज दुपारी त्याच खांबाशी भाकरी ठेवायचा. ते बघून लोकांची खात्रीच पटायची.

"ती भाकरी कुत्री खातात, बाबा."

"कुत्रीच खातात."

"मग ठेवता कशाला?"

"माझे गुरू ठेवायचे. त्यांनाही मी हेच विचारलं होतं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पीठ मळ."

सरांनी पिशवीतून दोन कागद काढले. एक हजेरीपट, एक गावच्या मृत्यूनोंदीचा उतारा. "हे बघा. पूल पुरा झाला त्या दिवशी लिंबाजी हजर आहे. पुढे बावीस वर्षांनी तो त्याच्या गावी तापाने मेला. घरात, खाटेवर."

फकिराने कागद उन्हात धरला. "खरा दिसतो."

"मग उद्यापासून भाकरी बंद करा."

"करतो की. फक्त लिंबाजीला एवढं वाचून दाखवा. मला वाचता येत नाही."

सर हसले. हसत हसतच खांबाशी गेले. टळटळीत दुपार होती. नदीच्या पात्रात चिटपाखरू नव्हतं. डोक्यावर पुलावरून शाळेची बस चालली होती.

त्यांनी वर्गात वाचतात तसं खणखणीत वाचलं. नाव, गाव, तारीख, ताप, खाट.

...

दगडाच्या आत कुणीतरी अवघडलेलं अंग मोकळं केल्यासारखा आवाज आला.

मग कमान खाली बसली. चांगली चार बोटं. सरांच्या टकलावर चुन्याची भुकटी पडली. वर बसने करकचून ब्रेक मारला.

आवाज खांबातून खाली सरकला... मग पाण्याकडे निघाला.

सरांनी दोन्ही तळवे दगडाला लावले.

"थांब," ते म्हणाले. "थांब, लिंबाजी. कागद खोटा आहे. माझ्या पणजोबांनीच चिणलंय तुला. सगळं शहर सांगतं. तू आतच आहेस."

...

कमान हळूहळू वर गेली, होती तिथे. बस निघून गेली.

सर वाळूत बसले. त्यांनी विचारलं, "म्हणजे पणजोबांनी खरंच...?"

"छे," फकीर म्हणाला. "तुमचा कागद खराच आहे."

"मग आत कोण आहे?"



"तुम्ही थांब म्हणालात," फकीर म्हणाला. "कोण थांबलं?"