मोरशेटचं कोठार

घाटमाथ्यावरच्या एका पेठेत मोरशेट नावाचा धान्याचा व्यापारी होता. माणूस हुशार, पण जिवाला फार भ्यायचा. एका वर्षी दुष्काळ पडला, पेठेत लूटमार झाली, आणि तेव्हापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागेना. त्याच्या मनाने एकच घेतलं. कसलंही संकट येवो, आपलं काही अडणार नाही अशी जागा शोधायची आणि तिथेच जाऊन राहायचं.

शेट घाट उतरला आणि किनाऱ्याकिनाऱ्याने गावं पारखत निघाला. विहिरीचं पाणी चाखून बघे, माती मुठीत चुरून बघे, मागच्या वादळात समुद्र कुठवर चढला होता ते म्हाताऱ्यांना विचारी. खारवाडे नावाच्या गावात तर त्याने इतक्या चौकशा केल्या, की गावचा म्होरक्या धाकू गावकर हसून म्हणाला, “शेट, जागा बघताय की सून?”

शेटला हेच गाव पसंत पडलं. भात पिकत होतं, नारळ होते, मिठागर होतं. गावामागे एक उंच टेकडी होती आणि तिच्यावर बारमाही गोड्या पाण्याचा झरा होता. शेटने टेकडी विकत घेतली, वर दगडी घर बांधलं, मोठं कोठार बांधलं. भात, डाळ, तेल, मीठ, सरपण, सगळं काठोकाठ भरलं. बायको द्वारकाबाई आणि घाटावरचे दोन गडी यांना घेऊन तो तिथे राहू लागला. आता त्याला गाढ झोप लागे.

गावाची शेतं होती अगदी सखल. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून समुद्राच्या बाजूला मातीचा लांबलचक बांध घातला होता. मोठी भरती जवळ आली, की धाकू हाळी द्यायचा आणि घरटी एक माणूस चिखलाची पाटी घेऊन बांधावर जायचा. म्हातारीकोतारीसुद्धा एखादा दगड तरी नेऊन टाकायची. तसा रिवाजच होता. नव्या घराची पाळी आली, तेव्हा धाकू टेकडी चढून सांगायला गेला.

“माझं घर वर, माझं पाणी वर, माझं भात कोठारात,” मोरशेट म्हणाला. “बांध फुटला तर बुडतील तुमची शेतं. माझं काय जातंय?”

“शेट, गाव करी ते राव न करी,” धाकू म्हणाला. “एक गडी पाठवलात, तर तुमचं काही कमी होणार नाही.”

शेटने गडी पाठवला नाही. वर द्वारकाबाईला म्हणाला, “आज गडी मागतात, उद्या कोठाराची किल्ली मागतील.” काय म्हणावं या माणसाला! ज्या शेतातलं भात विकत घेऊन कोठार भरलं, त्या शेताशी आपलं काही नातं आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आश्विन उजाडला. भात कापणीला आलं होतं. अशात अमावास्येच्या भरतीला वादळ येऊन मिळालं. लाटा बांधाच्या डोक्यावरून उड्या मारू लागल्या. भर दुपारी धाकू निथळत, धापा टाकत टेकडीवर आला.

“शेट, बांधाला भगदाड पडलंय! गडी द्या आणि रिकामी पोती द्या. माती भरून लावतो. माझा पोरगा सोनू तिथे छातीभर पाण्यात उभा आहे.”

द्वारकाबाई धावत आत गेली आणि पोत्यांची चळत उचलून घेऊन आली. मोरशेटने ती तिच्या हातातून हिसकावून घेतली. “वादळ अजून सरलेलं नाही. माझ्या कोठाराला लागतील पोती!”

“अहो, पोरं बुडतील हो!” ती ओरडली.

शेटने दार लावून घेतलं आणि आतून अडसर घातला. धाकू तसाच खाली धावला. तो पोचायच्या आतच बांध फुटला. सोनू आणि आणखी दोन पोरं त्या लोंढ्यात गेली. भात गेलं, गुरं गेली, विहिरी खारट झाल्या. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई नवऱ्याला न विचारता खाली गेली आणि धाकूच्या बायकोला कवटाळून ढसढसा रडली. मोरशेटने मात्र कोठार तपासलं. एक दाणाही भिजला नव्हता. त्याला वाटलं, आपला हिशेब बरोबर ठरला.

खाऱ्या पाण्याने करपलेल्या जमिनीत काही वर्षं भात होत नाही. गोडा झरा शेटच्या टेकडीवर, खाली प्यायला पाणी नाही, पेरायला जमीन नाही. गाव करणार काय? लोकांनी चुली मोडल्या आणि ते शेजारच्या खाडीपलीकडे जाऊन राहिले. “या ओसाडीत भुतासारखं राहायचं कशाला?” म्हणून शेटचे गडीही घाट चढून परत गेले. टेकडीवर उरली दोघंच.

पुढच्या पावसाळ्यानंतर द्वारकाबाईला ताप भरला. वैद्य गावाबरोबर गेला होता. घरात सगळं होतं, फक्त तिच्या दुखण्यावर औषध नव्हतं. मोरशेट कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसून राहिला. शेवटी ती गेली.

चिता रचायला लाकूड होतं, वर घालायला तूप होतं. पण तिला टेकडीवरून खाली न्यायला खांदेकरी कुठून आणणार? शेटने तिला एकट्याने उचलून पाहिलं आणि तो उंबऱ्यातच कोसळला. मग ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखल तुडवत तो खाडीपलीकडे गेला. तिथे गाव नवा बांध घालत होतं.

“माझी द्वारका गेली,” तो म्हणाला. “तिला उचलायला माणसं नाहीत.”

धाकूने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि तिघांना खूण केली. चौघांनी खाडी ओलांडली आणि द्वारकाबाईला रीतसर पोचवलं.

चिता विझल्यावर मोरशेटने हात जोडले. “परत या रे! कोठार तुमचंच आहे. लागेल तेवढं भात न्या.”

“बाईंचं ऋण होतं, ते फेडलं,” धाकू म्हणाला. “माझा सोनू गेला, तेव्हा त्या आमच्यासाठी रडल्या. आता आमची घरं तिकडे आहेत. शेट, तुमचं भात तुम्हाला पुष्कळ वर्षं पुरेल. पण त्याआधीच तुम्ही गेलात, तर आम्हाला कळवायला कोण येणार?”

भरती यायच्या आत चौघे निघून गेले. मोरशेट टेकडी चढून घरी आला, आणि त्याला दार लावायचंही भान राहिलं नाही.

तात्पर्य: गाव बुडू देऊन जो फक्त आपलं घर वाचवतो, त्याच्या घराला गाव उरत नाही; शेजाऱ्याच्या हाकेला ओ देणं हीच संकटाची पहिली तयारी.